लिंबाचा रस, युरियाची गोणी आणि एक काचेची नळी

बँकेतल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी असंख्य याद्या लिहिल्या. तारण दागिन्यांच्या, थकबाकीदारांच्या, जप्त केलेल्या मालाच्या. निवृत्तीनंतर त्यांतल्या बहुतेक विसरलो. एक मात्र विसरता येत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या एका शाखेत मी व्यवस्थापक होतो, तेव्हाची ती यादी. या गोष्टीला आता वीस वर्षे होत आली. फ्लेम फोटोमीटर, एक. कलरीमीटर, एक. विजेची भट्टी, एक. तराजू, एक. काचसामान, तीन खोकी. पीएच मीटर, एक. खाली कर्जदाराची सही आणि माझी सही. कर्जदार सव्वीस-सत्तावीस वर्षांचा कृषी पदवीधर होता आणि त्याची माती परीक्षण प्रयोगशाळा बँकेने जप्त केली होती.

ही यादी पुन्हा आठवायचे कारण माझी पुतणी. गेल्या महिन्यात ती घरी आली ती एक फाईल घेऊनच. तीही कृषी पदवीधर. केंद्र सरकारने २०२३ पासून गाव पातळीवर माती परीक्षण प्रयोगशाळा उभारण्याची योजना आखली आहे. ग्रामीण तरुण, बचत गट यांना त्या चालवायला द्यायच्या आहेत. तिला गावातल्या बचत गटाला सोबत घेऊन तशी प्रयोगशाळा काढायची आहे. "काका, तुम्ही एवढी वर्षं बँकेत काढलीत. जरा आकडे बघता का?" असे म्हणून तिने फाईल माझ्यापुढे ठेवली. आकडे ठीक होते. आकडे नेहमी ठीकच असतात. वीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलाच्या फाईलमधलेही ठीक होते.

तिला 'हो' म्हणावे की 'नाही', हे ठरवण्यापूर्वी मी जुन्या सवयीने एक गोष्ट केली. कर्ज मागणाऱ्या धंद्याचे कूळ तपासले. माती मोजण्याचे यंत्र आले कुठून, ते कोणी बनवले, कोणी विकत घेतले, आणि ज्याने विकत घेतले त्याला त्याची गरज का पडली? मातीच्या प्रयोगशाळेत शिरल्यावर पहिल्यांदा दिसणारे यंत्र म्हणजे पीएच मीटर. जमीन आंबट की खारी, म्हणजेच आम्ल की विम्ल, ते सांगणारे. आपल्या कृषी खात्याच्या भाषेत जमिनीचा 'सामू' मोजणारे. त्याची हकीकत वाचकांनाही ऐकवावीशी वाटते, कारण तिच्यात आपल्या आजच्या खत-धोरणाचे अर्धे उत्तर आहे.

हा सामू मोजण्याची मोजपट्टी मुळात मातीसाठी तयार झालीच नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९०९ साली ती मांडली. त्याच १९०९ साली जर्मनीत कार्ल्सरूहे येथे फ्रिट्झ हाबर आणि त्यांचे सहकारी झिग्मुंट क्लेमेन्सिएविझ यांनी पातळ काचेच्या फुग्याने आम्लता मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हाबर हे नाव वाचकांनी दुसऱ्या कारणासाठी ऐकलेले असेल. त्याच वर्षी, त्याच गावात, त्यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया तयार करून दाखवला. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते या अमोनियासाठी, आणि आज आपल्या सोसायटीच्या गोदामात युरियाच्या गोण्यांची जी थप्पी दिसते तिचे मूळ त्याच शोधात आहे. म्हणजे जमिनीला घालायचे खत आणि जमिनीची प्रकृती मोजणारी काचेची नळी ही जवळजवळ एकाच घरातली भावंडे. एक भाऊ पुढे जगभर पसरला. दुसरा पंचवीस वर्षे प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहिला.

पडून राहण्याचे कारण साधे होते. त्या काचेतून मिळणारा विजेचा इशारा इतका क्षीण, की तो वाचायला अतिशय नाजूक उपकरणे लागत आणि काच जाड केली की तीही वाचू शकत नसत. हा गुंता सुटला १९३४ साली, अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, आणि तोही लिंबामुळे. तिथल्या फळबागायतदारांची एक मोठी सहकारी संस्था होती, कॅलिफोर्निया फ्रूट ग्रोअर्स एक्स्चेंज. पुढे 'सनकिस्ट' या नावाने ओळखली गेली ती हीच. बाजारात न चालणाऱ्या लिंबांपासून पेक्टिन आणि सायट्रिक आम्ल काढण्याचा तिचा जोडधंदा होता. त्यासाठी रसाचा आंबटपणा नेमका मोजायला हवा. पण रस टिकावा म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड घातलेला असे आणि त्याने रंग बदलणाऱ्या कागदांचा रंगच उडून जाई. हायड्रोजनचा इलेक्ट्रोडही निकामी होई. उरली फक्त काचेची नळी, आणि ती सारखी फुटायची. संस्थेतला ग्लेन जोसेफ हा रसायनतज्ज्ञ वैतागून आपल्या कॉलेजमधल्या जुन्या मित्राकडे गेला. त्या मित्राचे नाव आर्नल्ड बेकमन.

बेकमन हा इलिनॉयमधल्या कलम नावाच्या खेड्यातल्या लोहाराचा मुलगा. कॅल्टेकमध्ये रसायनशास्त्र शिकवीत असे. त्याने त्या काळी रेडिओत वापरल्या जाणाऱ्या निर्वात नळ्या घेतल्या, त्यांनी तो क्षीण इशारा मोठा केला आणि जाड, सहज न फुटणारी काच वापरता येईल असे उपकरण मित्राला करून दिले. काही दिवसांनी जोसेफ परत आला. आणखी एक हवे म्हणाला, कारण पहिले सहकारी सारखे उचलून नेतात! एकाच प्रयोगशाळेला दोन लागत असतील तर इतरांनाही लागतील, असा हिशेब बेकमनने केला. पुढच्या वर्षी उपकरण विक्रीला आले. किंमत १९५ डॉलर. महामंदीच्या दिवसांत ही रक्कम थोडी नव्हती. फिलाडेल्फियातल्या एका जुन्या व्यापारी पेढीने अंदाज दिला, की दहा वर्षांत फार तर सहाशे नग खपतील. अंदाज साफ चुकला आणि बेकमनने प्राध्यापकी सोडून पूर्ण वेळ कारखानदारी पत्करली. १९४१ साली त्याच्या कंपनीने रंगाच्या छटेवरून द्रव्याचे प्रमाण सांगणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणला. मातीतला स्फुरद मोजायला पुढे जगभर याच जातीचे यंत्र वापरले जाऊ लागले.

माझ्यातल्या बँकवाल्याने इथे वाचन थांबवले, कारण कंपनीच्या यशाचे मर्म इथेच होते. पहिले गिऱ्हाईक कोण? शेतकऱ्यांची सहकारी संस्था. तिने यंत्र का घेतले? कोणी अनुदान दिले म्हणून नव्हे. रसाचा आकडा चुकला तर त्या दिवशीच्या मालाचे पैसे बुडत होते म्हणून. मोजणीचे उत्तर ज्याला हवे असते, आणि ते चुकल्यास ज्याचे नुकसान होते, त्याच्याच जिवावर मोजणीचा धंदा उभा राहतो.

आता आपल्याकडे येऊ. उत्तराची गरज आपल्याला नव्हती असे मुळीच नाही. नीरा डावा कालवा १८८५ सालचा. पाणी आले, ऊस आला, आणि पाठोपाठ जमिनीवर पांढरे फूलही आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर आपली पत्रिका प्रसिद्ध केली ती १९१० साली. बेकमनच्या यंत्राच्या पंचवीस वर्षे आधी! बिघडलेल्या जमिनी वरून पाहिल्या तर सारख्याच दिसतात. पीक पिवळे पडते, मग करपते. पण त्यांच्या जाती दोन. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार फार असतात, तरी सामू साधारण साडेआठच्या आत असतो. तिला निचरा आणि धुऊन काढणारे पाणी हवे. चोपण जमिनीचा सामू साडेआठच्या वर जातो, सोडियममुळे तिचे कण मिटून बसतात, पाणी आत शिरतच नाही. तिला जिप्सम हवे. एकीचे औषध दुसरीला दिले तर पैसा वाया आणि वर्षही वाया. हा फरक डोळ्याला दिसत नाही. दोन साधी यंत्रे तो पाच मिनिटांत सांगतात.

देशात माती परीक्षणाचा सरकारी कार्यक्रम १९५५-५६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या कराराखाली सोळा प्रयोगशाळांनी सुरू झाला. पुढे प्रत्येक राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांत प्रयोगशाळा काढल्या. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड येथे पंतप्रधानांच्या हस्ते मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत देशात कोट्यवधी पत्रिका वाटल्या गेल्या. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. हे काम लहान नाही. कोणत्या तालुक्यात जस्त कमी, कुठे बोरॉन कमी, याचा एवढा मोठा नकाशा पूर्वी आपल्याकडे नव्हता.

पण नकाशा वेगळा आणि माझ्या शेताचा रिपोर्ट वेगळा. या योजनेत नमुना घेण्यासाठी जमिनीचे चौकोन पाडले होते. बागायतीत अडीच हेक्टरांना एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरांना एक. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातली सरासरी धारणा १.०८ हेक्टर. म्हणजे जिरायतीत एका नमुन्याचे आकडे सरासरी नऊ शेतकऱ्यांच्या पत्रिकांवर छापले जाणार. आपल्या दख्खनमध्ये एकाच बांधाच्या आत वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला तीन हात खोल काळी असते. तिथे नऊ जणांना एक रिपोर्ट देणे म्हणजे वाड्यातल्या एकाचे रक्त तपासून सगळ्या बिऱ्हाडांना औषध लिहून देणे!

नमुना नीट घेणे हेच निम्मे परीक्षण. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घ्यायची नाही. सगळी एकत्र कालवून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असे अर्धा किलो उरेपर्यंत. गृहिणी तांदळाच्या पोत्यातला वानवळा काढताना जितकी काळजी घेते तितकीच इथे लागते. चौकोनावर नेमलेला, रोजचे लक्ष्य गाठायचे असलेला माणूस ती घेईलच असे नाही.

समजा, सगळे नीट झाले. पत्रिकेने सांगितले, नत्र थोडे कमी घाला, स्फुरद आणि जस्त वाढवा. शेतकरी दुकानात जातो. तिथे दुसरी एक पत्रिका टांगलेली असते, भावाची. १९९२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त केली, युरिया मात्र नियंत्रणात ठेवला. आदल्या वर्षी देशात नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण ५.९ : २.४ : १ होते, त्या एका वर्षात ते ९.५ : ३.२ : १ झाले. त्या वर्षी देशातली माती बदलली नव्हती. भाव बदलले होते. २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया बाहेरच राहिला. २०२५ साली पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीची कमाल किंमत करांशिवाय २४२ रुपये होती आणि पन्नास किलो डीएपीची १३५० रुपये. किलोमागे एक सहा रुपयांच्या आत, दुसरे सत्तावीस रुपये. एवढ्या मोठ्या आवाजात भाव बोलत असताना, कागदावरचा बारीक अक्षरातला सल्ला कोण ऐकणार? ४ : २ : १ हे आदर्श प्रमाण म्हणून आपण वर्षानुवर्षे घोकतो, पण तोही एक सरासरी आकडाच. प्रत्येक जमिनीला एकच प्रमाण लागू असते तर परीक्षणाची गरजच नव्हती.

युरिया स्वस्त ठेवण्यामागे हेतू वाईट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. लहान शेतकऱ्याला परवडावा, धान्य महाग होऊ नये, हा तो हेतू. भाव एकदम वाढवला तर आधी मोडेल तो कोरडवाहू शेतकरीच. म्हणून अनुदान काढून टाका, असे मी म्हणत नाही. एकाच खतावर ओतलेले अनुदान जमिनीचा तोल बिघडवते, एवढेच म्हणतो. तो तोल हळूहळू सावरता येईल. पण त्यासाठी आधी मोजणीला कोणीतरी किंमत दिली पाहिजे.

इथे मला त्या मुलाकडे परत यावे लागते. २००२ साली कृषी पदवीधरांसाठी कृषी चिकित्सालयाची योजना आली. तिच्याखाली त्याने कर्ज घेतले. प्रस्ताव मीच मंजूर केला होता. बाजारपेठेच्या रस्त्यावर गाळा, पांढरी फरशी, यंत्रांवर आईने विणलेली कापडी झाकणे. नमुन्याला शंभर रुपये. पहिल्या हंगामात ओळखीचे लोक आले, दुसऱ्यात कमी झाले. सरकारी प्रयोगशाळेत तेच काम नाममात्र पैशांत होत होते, मग रिपोर्ट पेरणीनंतर का मिळेना. एक दिवस तो माझ्या केबिनमध्ये आला. म्हणाला, "साहेब, तुमच्या शाखेतून वर्षाला सात-आठशे पीककर्जं जातात. प्रत्येकाला सातबाऱ्याबरोबर मातीचा एक रिपोर्ट आणायला सांगा. मी पन्नास रुपयांत करून देतो. तुमचं कर्जही सुरक्षित होईल."

मी त्याला काय सांगितले? सर्क्युलरमध्ये तसे नाही, हे सांगितले. आणि ते खरे होते. आम्ही पीककर्ज देत होतो ते एकरी ठरलेल्या दराने. उसाला इतके, कापसाला इतके. त्यात खतासाठी इतके. जमीन खारवट की चोपण, चांगली की मेलेली, हा रकाना आमच्या अर्जात नव्हताच. सातबाऱ्यावर क्षेत्र असते, बोजा असतो, माती नसते. सोन्याचे दागिने तारण घेताना आम्ही सराफाला बोलावून कस लावून घेत होतो. ज्या जमिनीच्या जिवावर कर्ज देत होतो तिचा कस पाहण्याची विनंती करणाऱ्या माणसाला मी चहा पाजून परत पाठवले. दीड वर्षात त्याचे खाते थकले आणि मी ती यादी लिहिली.

तराजू एका दुकानदाराने घेतला, भट्टी एका बेकरीवाल्याने. पीएच मीटर कोणीच घेतला नाही. तो आमच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत पडून होता. पुढे कळले, की त्याच्या काचेच्या टोकाला नेहमी ओले ठेवावे लागते. कोरडे पडले की त्याचे वाचन मंदावते, चुकू लागते. माझ्या बदलीच्या वेळी ते टोक केव्हाच वाळून गेले होते.

बेकमनच्या कंपनीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. १९८२ मध्ये ती एका औषध कंपनीत विलीन झाली, काही वर्षांनी वेगळी निघाली, १९९७ मध्ये तिने रक्तपेशी मोजणारी यंत्रे बनवणारी कुल्टर ही कंपनी घेतली आणि २०११ मध्ये ती स्वतःच डॅनाहर या उद्योगसमूहात गेली. आज ते नाव दिसते ते मुख्यतः रक्ताच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळांत. लिंबापासून निघालेली वाट माणसाच्या रक्तापर्यंत गेली, कारण तिथे रिपोर्ट मागणारा कोणीतरी आहे. डॉक्टर रिपोर्ट पाहिल्याशिवाय औषध लिहीत नाही, म्हणून आपण पैसे मोजतो. मातीच्या बाबतीत रिपोर्ट मागणारा तो डॉक्टर कोण? दुकानदार मागत नाही, कारखाना क्वचित मागतो, बँक मागत नाही.

माझ्या मते तो मागणारा बँकेने व्हावे. सक्ती करून नव्हे; सक्तीने फक्त खोटे रिपोर्ट तयार होतात, हे पस्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. पण स्वतःच्या शेताचा, तीन वर्षांच्या आतला रिपोर्ट जोडणाऱ्याला व्याजात थोडी सूट दिली, त्याप्रमाणे जिप्समसाठी किंवा निचऱ्यासाठी वेगळे मुदत कर्ज दिले, तर शेतकऱ्याला त्या कागदाचा अर्थ त्याच दिवशी कळेल. गावच्या प्रयोगशाळेला सरकार जे पैसे देते, ते किती नमुने तपासले यावर न देता रिपोर्ट पेरणीपूर्वी हातात पडला का, आणि दहातला एक नमुना दुसरीकडे तपासून आकडे जुळले का, यावर द्यावेत. नत्राच्या आकड्याबद्दल प्रामाणिक राहावे; अनेक ठिकाणी तो थेट न मोजता सेंद्रिय कर्बावरून काढतात आणि पावसाच्या एका सरीने तो बदलतो. पण सामू, क्षारता, कर्ब, जस्त हे आकडे वर्षभरात पळून जात नाहीत. सुरुवात त्यांनी करावी.

तो मुलगा मला मध्यंतरी भेटला. आता मुलगा राहिलेला नाही, कानशिलावर केस पांढरे झाले आहेत. त्याचे खताचे दुकान आहे, बरे चालते. कर्ज त्याने नंतर तडजोडीत फेडले होते. मी विषय काढला तेव्हा तो हसून म्हणाला, "साहेब, माती बघायचे पैसे कोणी देत नव्हतं. खताचे सगळे देतात." त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

पुतणीला मी 'हो' म्हटले आहे, पण दोन अटींवर. यंत्रे घेण्याआधी तिने गावच्या सोसायटीकडून आणि शेजारच्या डाळिंब उत्पादक गटाकडून वर्षाला किती नमुने देणार ते लेखी घ्यावे. नुसत्या सरकारी लक्ष्यावर विसंबू नये. आणि नमुना बचत गटातल्या बायकांनीच शेतावर जाऊन घ्यावा, पोचवलेली माती तपासू नये. ती म्हणाली, "काका, पहिली अट अवघड आहे. सोसायटीवाले विचारतात, बँकेनं रिपोर्ट मागितला तर देऊ नमुने."

म्हणून पुढच्या आठवड्यात मी तिच्यासोबत तालुक्याच्या शाखेत जाणार आहे. तिथला व्यवस्थापक तरुण आहे, माझ्या मुलापेक्षाही लहान. टेबलाच्या या बाजूला बसून तीच विनंती मला करायची आहे. तो काय म्हणेल याचा अंदाज मला आहे. सर्क्युलरमध्ये तसे नाही, असे तो म्हणेल. तेव्हा त्याला सांगण्यासाठी मी ती जुनी यादी शब्दशः आठवून एका कागदावर लिहून ठेवली आहे. शेवटची ओळ आहे, पीएच मीटर, एक.